गोधडीची जोडणी

जुन्या वा उरलेल्या कापडाचे तुकडे ठरावीक क्रमाने एकमेकांस शिवून गोधडीचा दर्शनी थर तयार करण्याचे तंत्र. गोधडीचे सामान्यतः तीन भाग असतात : वरचा दर्शनी थर, मधले भरण व खालचे अस्तर. महाराष्ट्रात गोधडीस वाकळ असेही नाव असून तान्ह्या मुलाच्या लहान गोधडीला दुपटे म्हणतात. हिंदीतील गुदडी, गुजरातीतील गोदडी व कन्नडमधील कौदी ही याच जातीची पांघरुणे होत. कापूस भरलेल्या रजईहून गोधडी वेगळी आहे. रजईची ऊब पिंजलेल्या कापसाची असते, तर गोधडीची ऊब कापडाच्या अनेक थरांची व त्या थरांत अडकून राहिलेल्या हवेची असते. रजई पिंजाऱ्याकडून भरून घ्यावी लागते. गोधडी घरच्या घरी, घरातल्याच कापडातून व सवडीने होते. तिला दरिद्री घरातील काटकसर मानण्याची रीत आहे. पण ती अपुरी आहे. फाटक्या कापडातून मजबूत पांघरूण उभे करावयाचे, तर मोजमाप, कापडाची पारख आणि शिवणीचा क्रम या तिन्हींचे पक्के ज्ञान लागते, आणि हे ज्ञान पिढ्यानपिढ्या स्त्रियांनी सांभाळले आहे. प्रस्तुत नोंदीत दर्शनी थराच्या जोडणीचा, विशेषतः चौकोन व ओळी यांच्या रचनेचा विचार केला असून तो मुख्यतः रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर या अंतर्भागातील तालुक्यांची परिस्थिती समोर ठेवून केला आहे.

कर्जत तालुका उल्हास नदीच्या व खालापूर तालुका पाताळगंगेच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. जिल्ह्याचे पूर्वीचे कुलाबा हे नाव १९८१ मध्ये बदलून रायगड करण्यात आले. (अहिल्यानगर जिल्ह्यातही कर्जत नावाचे तालुक्याचे गाव आहे आणि योगायोगाने तेथील ग्रामदैवत गोदड महाराज या नावाचे संत आहेत, प्रस्तुत नोंदीचा त्या गावाशी संबंध नाही.) या भागात वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व भात हे मुख्य पीक आहे. पावसाळ्यात एकदा भिजलेली जाड गोधडी दिवसेंदिवस वाळत नाही. तिला कुबट वास येतो व बुरशीचे काळे ठिपके पडतात. उलट मार्गशीर्ष-पौषात डोंगरपायथ्याच्या या खोऱ्यांत रात्रीचा गारवा किनाऱ्यावरील गावांपेक्षा जास्त असतो. म्हणजे पांघरूण ऊबदार हवे, पण ते पिळता व लवकर वाळवता येण्याजोगेही हवे. दसऱ्यापूर्वी घरातील सर्व गोधड्या नदीवर नेऊन धुण्याची महाराष्ट्रातील प्रथा प्रसिद्ध आहे. पाणी शोषलेल्या गोधडीचे वजन कोरडीच्या कितीतरी पट होते. ते उचलताना व दगडावर आपटताना प्रत्येक शिवणीची परीक्षा होते. जोडणीतील चुका बहुधा याच वेळी उघड्या पडतात.

तुकडे जोडून वस्त्र करण्याची कल्पना भारतात फार जुनी आहे. बौद्ध भिक्षूंचे चीवर अखंड कापडाचे नसावे, ते कापलेल्या तुकड्यांचे असावे, असा नियम विनयपिटकात आहे. मगध देशातील बांधांनी आखलेली भातखाचरे दाखवून बुद्धाने तशा रचनेची चीवरे करण्यास आनंदाला सांगितले, अशी कथा महावग्गात येते. या चीवरात लांब व आखूड तुकडे जोडून उभे पट्टे करतात आणि मग ते पट्टे एकमेकांस जोडतात. लांब शिवणीला व आडव्या आखूड शिवणीला पाली भाषेत वेगवेगळी नावे आहेत. आधी तुकड्यांची ओळ व मग ओळींचे वस्त्र हा क्रम येथे स्पष्ट दिसतो. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथे इसवी सनापूर्वीच्या शतकांतील बौद्ध लेणी आहेत. त्यांच्या समोरच्या खोऱ्यातील भाताची खाचरे आजही तीच आकृती दाखवितात. पुढील काळात कंथा अथवा गोधडी हे फकीर, बैरागी व संत यांच्या विरक्तीचे चिन्ह ठरले. चिंध्यांचे वस्त्र अंगावर वागविणाऱ्या गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत.

कापडाची पारख : जोडणीची सुरुवात कात्रीने होत नाही, ती पारखण्याने होते. नऊवारी लुगडे सुमारे ८ मी. लांब असते, पण ते सर्वत्र सारखे झिजत नाही. बसण्याच्या जागेवर, काष्ट्याच्या ओढीवर आणि पायाशी घासणाऱ्या काठापाशी ते आधी विरते. पदराकडचा व कमरेभोवतीच्या आतल्या वेढ्याचा भाग तुलनेने धड राहतो. कापड उजेडासमोर धरले, की विरलेला भाग जाळीसारखा दिसतो. त्यानंतर ते दोन्ही हातांनी प्रथम उभे व मग आडवे ताणून पाहतात. चरचर असा आवाज आला, तर तो भाग दर्शनी थरास निरुपयोगी समजून आतल्या भरणात घालतात. धोतर व सदरा यांचे कापड पांढरे, दाट व टिकाऊ असते. ते अस्तरास किंवा चौकोनांमधल्या पट्ट्यांस वापरतात. नवे कापड जुन्यासोबत वापरावयाचे असेल, तर ते आधी गरम पाण्यात बुडवून वाळविणे आवश्यक असते. जुने कापड शेकडो धुण्यांत जेवढे आटावयाचे तेवढे आटलेले असते. नवे मात्र पहिल्या धुण्यातच आटते आणि शेजारच्या तुकड्यांना ओढून सुरकुत्या पाडते. गडद लाल व निळ्या कापडाचा रंग सुटतो की नाही, हेही याच वेळी कळते.

कापडातील ताण्याच्या व बाण्याच्या दिशांना ते फारसे ताणत नाही. तिरकस दिशेला मात्र ते रबरासारखे लांबते. या तिरकस कापास शिंपी उरेब म्हणतात. चौकोन कापताना त्याच्या कडा धाग्याच्या दिशेत आल्या नाहीत, तर मोजमाप कितीही अचूक असले तरी शिवताना चौकोनाची शंकरपाळी होते. म्हणून जुने सुती कापड शक्यतो कापण्याऐवजी फाडतात. काठाला लहानशी कात्री मारून कापड टरकावले, की ते धाग्याच्या रेषेतच फाटते व कडा आपोआप सरळ येते. फारच लुळे पडलेले कापड भाताच्या पेजेची खळ देऊन कडक करून घेता येते. मात्र गोधडी पुरी झाल्यावर ही खळ धुऊन काढावी लागते, कारण खळीमागे झुरळे व कसर येतात.

थेट ठिगळे बसविण्याची पद्धत : ही सर्वांत जुनी व खेड्यांत सर्वाधिक आढळणारी पद्धत होय. तीत दर्शनी थर वेगळा तयारच केला जात नाही. सारवलेल्या ओसरीवर वा अंगणात अस्तर पसरून त्यावर जुन्या लुगड्यांचे थर घालतात, चारही कोपऱ्यांवर पाटा-वरवंट्यासारखे वजन ठेवतात आणि मग वरून ठिगळे रचतात. प्रत्येक ठिगळाची कडा आत मुडपून ती शेजारच्या ठिगळावर चढवितात व सर्व थरांतून धावदोरा घालतात. जोडणे व टाचणे ही दोन्ही कामे एकदमच होतात. ठिगळे सारख्या मापाची नसली तरी बिघडत नाही. एकावर एक किती चढवायचे, ते डोळ्याच्या अंदाजाने ठरते. विरलेल्या कापडाला ही पद्धत विशेष मानवते, कारण तुकड्याचा भार त्याच्या कडेवरील एकाच शिवणीवर न पडता जवळजवळच्या अनेक टाक्यांवर वाटला जातो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंद नावाची गोधडीही अशीच थेट रचली जाते. काम एका कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने फिरत मध्याकडे येते आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची लहान फुले लावतात.

ओळपद्धती : थेट ठिगळे बसविण्यासाठी मोठी मोकळी जागा व सलग वेळ लागतो. दर्शनी थर निराळा जोडावयाचा असेल, तर काम मांडीवर होऊ शकते आणि मधूनच उठताही येते. लेकुरवाळ्या घरात हा लाभ थोडा नव्हे. यातील सोपा प्रकार म्हणजे सारख्या रुंदीच्या, पण वाटेल त्या लांबीच्या तुकड्यांच्या ओळी करणे. समजा ओळीची रुंदी एक वीत धरली, तर निघालेल्या प्रत्येक चिंधीची एक बाजू तेवढी एक वीत असावी लागते. दुसरी बाजू चार बोटे असो की हात-दीड हात असो, चालते. असे तुकडे टोकाला टोक जोडत जातात व ओळ गोधडीच्या रुंदीएवढी झाली, की उरलेला भाग कापून त्याने पुढील ओळ सुरू करतात. शेजारच्या दोन ओळींतील आखूड शिवणी समोरासमोर येऊ नयेत, एवढेच पाहावे लागते. विटांच्या भिंतीत गवंडी सांधे मोडतो, तसेच हे आहे. असे केल्याने चार तुकड्यांची टोके एका ठिकाणी येत नाहीत, तेथे जाड गाठ बनत नाही आणि मोजमापातील लहानसहान चूक ओळीच्या टोकाशी जाऊन नाहीशी होते. कापडाचा अपव्यय या पद्धतीत सर्वांत कमी होतो. नवशिक्या हाताला आणि तुटपुंज्या साठ्याला हीच पद्धत योग्य होय.

चौकोनपद्धती : सर्व तुकडे एकाच मापाचे घेऊन त्यांची बुद्धिबळाच्या पटासारखी रचना करणे, हा जोडणीचा सर्वांत शिस्तीचा प्रकार होय. तो दिसावयास सोपा, पण करावयास अवघड आहे, कारण यात चूक लपत नाही. उदाहरणार्थ, १४० × २०० सेंमी. मापाची गोधडी २० सेंमी.च्या चौकोनांची करावयाची आहे, असे मानू. आडव्या ओळीत ७ चौकोन व अशा १० ओळी मिळून ७० चौकोन लागतील. शिवणीसाठी प्रत्येक बाजूस १ सेंमी. कापड सोडावयाचे, तर चौकोन २२ सेंमी.चा कापावा लागेल. प्रत्येक ओळीत ६ याप्रमाणे ६० आखूड शिवणी व ओळी जोडणाऱ्या ९ लांब शिवणी मिळून एकूण ६९ शिवणी होतात. कोणत्याही क्रमाने जोडले, तरी तुकड्यांच्या संख्येपेक्षा शिवणींची संख्या एकाने कमीच येते, कारण प्रत्येक शिवण दोन भागांचा एक भाग करते. या शिवणींची एकत्रित लांबी सुमारे २६ मी. भरते. हाताने सेंमी.ला तीन टाके धरले, तर नुसत्या जोडणीला सुमारे ७,८०० टाके पडतात. थर टाचण्याचे टाके निराळेच.

आता तीच गोधडी १० सेंमी.च्या चौकोनांची करू गेल्यास चौकोन २८० व शिवणी २७९ होतात आणि शिवणींची लांबी ५८ मी.वर जाते. कापडाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. कडेची शिवण धरून अखंड कापड २.८७ चौ. मी. लागले असते; २० सेंमी.च्या चौकोनांना ३.३९ चौ. मी., तर १० सेंमी.च्या चौकोनांना ४.०३ चौ. मी. लागते. म्हणजे पहिल्या रचनेत सुमारे १८ टक्के व दुसरीत ४१ टक्के कापड केवळ शिवणींच्या पोटात जाते. ते वाया जात नाही, कारण त्याने जाडी व ऊब वाढते. पण त्यामुळे गोधडी जड होते, पाणी धरते आणि वाळावयास वेळ लावते. पावसाळी प्रदेशात फार लहान तुकड्यांची नक्षी रोजच्या वापरात का टिकली नाही व दुपट्यासारख्या लहान वस्तूंपुरतीच का शोभते, याचे एक कारण या हिशेबात आहे.

शिवणीची खोली सर्वत्र सारखी असणे, हे या पद्धतीचे मर्म होय. प्रत्येक शिवण ठरल्याहून केवळ २ मिमी. खोल गेली, तरी ती दोन्ही तुकड्यांतून मिळून ४ मिमी. खाते. ओळीतील ६ शिवणींत त्यामुळे २.४ सेंमी. व उभ्या दिशेच्या ९ शिवणींत ३.६ सेंमी. तूट येते. सगळ्याच ओळी सारख्या तुटल्या, तर गोधडी फक्त थोडी लहान होईल. खरी अडचण एका बाईने शिवलेली ओळ तुटते व दुसरीने शिवलेली तुटत नाही, तेव्हा येते. दोन ओळींतील चौकट जुळत नाही आणि जुळविण्यासाठी ओढाताण केली, की मध्ये फुगवटा व कडेला आखडलेपणा येतो. एकाच गोधडीवर अनेकींनी काम करावयाचे असेल, तर सर्वींनी मापाला एकच पुठ्ठा वा काडी वापरावी आणि ओळ पुरी होताच ती पहिल्या ओळीवर पसरून ताडून पाहावी. चूक त्याच वेळी सापडली, तर एक आखूड शिवण उसवून भागते. दहा ओळी जोडल्यावर सापडली, तर लांब शिवणी उसवाव्या लागतात आणि जुने कापड दोनदा उसवणे सहन करीत नाही.

चौकोन प्रथम जमिनीवर पूर्ण मांडून पाहतात. गडद व फिकट तुकड्यांची वाटणी, एकाच लुगड्याचे तुकडे शेजारीशेजारी न येणे, काठाच्या रेषांची दिशा या गोष्टी याच वेळी ठरतात. नंतर प्रत्येक ओळीतील तुकडे डावीकडून उजवीकडे एकावर एक गोळा करून ओळीच्या क्रमांकाइतक्या दोऱ्याच्या गाठी पहिल्या तुकड्याला मारतात. हे न करता तुकडे उचलले, तर मांडणी पुन्हा तशीच लागत नाही.

ओळ शिवून झाली, की शिवणीची पाती एका बाजूस दाबून बसवितात. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या ओळीत ती डावीकडे व दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या ओळीत उजवीकडे वळवावयाची असतात. दोन ओळी दर्शनी बाजूने समोरासमोर ठेवल्या, की ही विरुद्ध दिशांची पाती एकमेकांत खाचेप्रमाणे अडकतात. शिवणी अचूक समोरासमोर बसतात व चौकात कापडाचा ढीग होत नाही. दाबण्यासाठी इस्त्रीच हवी असे नाही. अंगठ्याच्या नखाने घडी मोडणे पुरते किंवा निखारे घातलेला पितळी तांब्या फिरवितात. शिवण उलगडून दोन्ही बाजूंस पसरण्याची शिंप्याची रीत मात्र येथे टाळलेली बरी, कारण तशा शिवणीत भार फक्त दोऱ्यावर येतो.

लांब शिवण घालण्यापूर्वी ओळींच्या प्रत्येक सांध्यावर कच्चा टाका घालावा व तो मध्यापासून दोन्ही टोकांकडे घालीत जावा. एका टोकापासून निघाल्यास सगळी तफावत दुसऱ्या टोकाशी साचते. एखादी ओळ थोडी लांब भरलीच, तर यंत्रावर ती खालच्या अंगास धरतात. सुईखालचे दाते खालचे कापड किंचित जादा ओढून घेतात व फरक सांध्यांमध्ये वाटला जातो. ओळी एकेक करून वाढत्या कापडाला जोडण्याऐवजी आधी जोड्या करणे सोयीचे असते. पहिली-दुसरी, तिसरी-चौथी असे करीत पाच जोड्या झाल्या, की त्या एकमेकींस जोडतात आणि शेवटची शिवण गोधडीच्या मध्याजवळ पडते. त्यामुळे सगळे कापड मांडीवर घेऊन काम करण्याची वेळ एकदोनदाच येते. शिवणीची दिशाही आलटून पालटून ठेवावी. सर्व लांब शिवणी डावीकडूनच उजवीकडे घातल्यास ताण एकाच बाजूस साठतो व चौकोनी गोधडी हळूहळू धनुष्यासारखी वाकते.

पायमशीनवर काम करणाऱ्या स्त्रिया आखूड शिवणी साखळीने घालतात. एक जोडी शिवून झाली, की दोरा न तोडता लगेच दुसरी जोडी सुईखाली सरकवितात. दहाही ओळींचे पहिले व दुसरे चौकोन असे एका माळेत शिवले जातात. पुढे त्याच माळेला तिसरे, चौथे चौकोन जोडीत गेल्यास सगळ्या ओळी पूर्ण होऊनही त्या टोकाच्या दोऱ्यांनी एकमेकींत गुंतलेल्या राहतात. क्रम चुकत नाही व दोराही वाचतो. यंत्राचे काम जलद व रेखीव होते, यात संशय नाही. परंतु विरलेल्या कापडावर यंत्राचा बारीक टाका घातक ठरतो. भोके जवळजवळ पडल्याने कापड पोस्टाच्या तिकिटाप्रमाणे त्या रेषेत फाटते. हाताचा धावदोरा किंचित सैल असतो व ओढ आली, की कापडाबरोबर सरकतो. यंत्र वापरावयाचेच असल्यास टाका मोठा ठेवणे व थर टाचण्याचे काम हाताने करणे, हा मध्यम मार्ग होय.

इतर रचना : चौकोन कर्णावर कापून गडद व फिकट त्रिकोणांची जोडी केली, की वाऱ्यावर फिरणाऱ्या भिरभिऱ्यासारख्या अनेक नक्षी निघतात. येथे उरेब कडा सांभाळणे हीच कसोटी असते. दोन चौकोन एकमेकांवर ठेवून कर्णाच्या दोन्ही अंगांस १ सेंमी. अंतरावर आधी शिवावे व नंतर कर्णावर कापावे, म्हणजे उरेब कडा मोकळी राहतच नाही आणि दोन तयार चौकोन मिळतात. अशा २० सेंमी.च्या चौकोनासाठी मूळ कापड मात्र २२ नव्हे, तर २३.४ सेंमी.चे घ्यावे लागते, कारण तिरक्या शिवणीत अधिक कापड जाते. चौकोन शंकरपाळीसारखे उभे मांडल्यास ओळी तिरप्या जातात व कडेला त्रिकोणांनी भरून काढावे लागते. या त्रिकोणांची लांब बाजू धाग्याच्या दिशेत आली नाही, तर गोधडीची कडा लहरत राहते. तुकड्यांची मापे थोडीफार कमीजास्त असतील, तेथे चौकोनांमध्ये पांढऱ्या धोतराच्या पट्ट्या घालणे हा चांगला उपाय आहे. पट्ट्या सारख्या मापाच्या कापून प्रत्येक चौकोन त्या मापाला बसवितात व चुका पट्टीच्या आड जातात. कडेचा गोट लावताना माप गोधडीच्या मध्यावरून घ्यावे. कडा ताणून आधीच लांबलेली असते. तिच्या मापाने गोट लावला, तर लहर कायमची राहते.

परदेशांतही हे तंत्र स्वतंत्रपणे वाढले. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून नऊ तुकड्यांचे चौकोन व मध्याभोवती पट्ट्या फिरवून केलेले चौकोन लोकप्रिय झाले. अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांपासून केलेल्या गोधड्यांचे प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टन येथील ललितकला संग्रहालयात भरले, तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. त्यांतील अनेक गोधड्यांत मोजमाप काटेकोर नाही. ओळी मुद्दाम वाकड्या जाऊ दिलेल्या आहेत आणि त्यातच त्यांचे सौंदर्य आहे. महाराष्ट्रातील थेट ठिगळांच्या गोधडीकडे त्या दृष्टीने पाहिले गेलेले नाही.

दर्शनी थर पुरा झाला, की तो भरण व अस्तर यांवर पसरून टाचतात. महाराष्ट्रात धावदोरा बहुधा कडेपासून सुरू करून आयताकृती फेऱ्यांनी मध्याकडे नेतात. दोघीतिघी वेगवेगळ्या बाजूंना बसून एकाच वेळी काम करू शकतात. यात दर्शनी थराचा सैलपणा ढकलला जाऊन मध्याशी झोळ होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी आधी मध्यापासून कडेपर्यंत मोठे कच्चे टाके घालून घेतात. शिवणीच्या पात्यांमुळे जेथे थर वाढलेले असतात, तेथे सुई मोडते. म्हणून धावदोऱ्याच्या फेऱ्या शिवणीवरून न नेता तिच्या बाजूने नेणे इष्ट.

कापडाचा पुरवठा व बदलती परिस्थिती : गोधडीचा कच्चा माल म्हणजे सुती वस्त्र. या भागाचा त्या मालाशी एक वेगळाच संबंध आहे. खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत् केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईस वीज जाऊ लागली व तिच्यावर तेथील कापडगिरण्या चालल्या. त्याच गिरण्यांचे मांजरपाट व पातळे देशभर गेली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर बहुतेक गिरण्यांची अवनती झाली. तत्पूर्वीच, १९६० नंतरच्या काळात, कृत्रिम धाग्याचे कापड घरोघर येऊ लागले होते. नऊवारी सुती लुगड्याची जागा पाचवारी कृत्रिम साडीने घेतली, तसा गोधडीचा मूळ साठाच आटला. कृत्रिम साडी विरत नाही, रंग सोडत नाही व झटकन वाळते. मात्र ती घाम शोषत नाही, हाताखालून निसटते, टरकावून सरळ फाटत नाही, नखाची घडी धरत नाही आणि ठिणगी पडल्यास वितळून अंगाला चिकटते. चुलीजवळ निजणाऱ्या घरात हा शेवटचा दोष गंभीर आहे. अशा साड्या वापरावयाच्या झाल्यास त्या भरणात घालाव्या. अंगाला लागणारे दोन्ही थर तरी सुती असावेत.

कर्जत व खालापूर या तालुक्यांत ठाकर व कातकरी या आदिवासी जमातींची वस्ती आहे. पावसाळा संपल्यावर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात व पावसाच्या तोंडावर परततात. थंडीचे दिवस त्यांना भट्टीलगतच्या तात्पुरत्या झोपड्यांत काढावे लागतात. बिऱ्हाडाच्या गाठोड्यात भांड्यांबरोबर पांघरुणेच असतात आणि लहान मुलाची ऊब त्यांवर अवलंबून असते. अशा वापरात गोधडी घडीतल्या घडीत ओढली जाते, जमिनीवर घासते व विटांच्या धुळीने खरखरीत होते. शहरातील दुकानांत नक्षीच्या गोधड्यांना अलीकडे मागणी आली असून काही खेड्यांत स्त्रियांना त्यातून काम मिळते. तेथे मोबदला बहुधा नगावर ठरतो. वरील हिशेबावरून दिसेल, की १० सेंमी.च्या चौकोनांच्या गोधडीस २० सेंमी.च्या गोधडीहून दुपटीपेक्षा अधिक लांब शिवण घालावी लागते; दर नगावर सारखाच असेल, तर बारीक काम करणारीचे नुकसान होते. मजुरी शिवणीच्या लांबीवर वा तुकड्यांच्या संख्येवर ठरविणे न्याय्य होय.

दुरुस्ती : गोधडीत बहुधा पायाकडच्या व हनुवटीखालच्या ओळी आधी जातात. थेट ठिगळांच्या गोधडीत फाटलेल्या जागी वरून नवे ठिगळ चढविले, की काम होते. चौकोनांच्या गोधडीत फाटका चौकोन न उसवता त्यावर कडा मुडपलेला नवा चौकोन शेजारच्या शिवणींच्या रेषेत बसवितात व सर्व थरांतून धावदोरा घालतात, म्हणजे चौकट मोडत नाही. कडेची पूर्ण ओळ गेली असल्यास ती शेवटच्या लांब शिवणीपासून उसवून काढतात व गोधडी एका ओळीने आखूड करून पुन्हा गोट लावतात. अशी आखूड झालेली गोधडी मुलाकडे जाते. दर्शनी थर सगळाच विरला, की त्यावर नवा थर घालून जुनी गोधडी भरण म्हणून आतच ठेवतात. अशा वेळी आतील जुन्या शिवणी हाताने चाचपून त्यांच्या मधून नव्या धावदोऱ्याच्या फेऱ्या आखतात. दोनतीनदा असे केल्यावर मात्र सुई आरपार जाईनाशी होते. मग ती गोधडी अंथरुणातच वापरतात, पांघरावयास घेत नाहीत.